बारावा गडी

आमच्या घरात पहाटे पाचला गजर होतो. रमजानमध्ये सहरीसाठी सगळेच त्याच्याही आधी उठतात. बाकीचे अकरा महिने मात्र त्या वेळी दोनच माणसे जागी असतात, मी आणि माझा धाकटा. मी चपात्या लाटते, अंड्याची भुर्जी डब्यात भरते. तो फजर पढून येतो, पांढरे कपडे, स्पाइक्स, पॅड सगळे त्या मोठ्या बॅगेत कोंबतो आणि स्टेशनकडे निघतो. कल्याण ते सीएसएमटी 54 किलोमीटर. एवढी मोठी बॅग खांद्यावर घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचे म्हणजे लोकांची बोलणी खावी लागतात, म्हणून तो लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी उभा राहतो. संध्याकाळी परत येतो तेव्हा दूध नाक्याच्या दुकानातून त्याचे अब्बाही घरी आलेले असतात. ते एकच प्रश्न विचारायचे, "खेळलास का?"

तो म्हणायचा, "नाही. बारावा होतो."

गेल्या वर्षी या प्रश्नोत्तराचे इतके दिवस झाले की डिसेंबरच्या सुमारास त्यांनी विचारणेच बंद केले. घरातल्या माणसाने प्रश्न विचारणे थांबवले की ते प्रश्नापेक्षा जास्त टोचते, हे मला तेव्हा समजले.

माझा मुलगा डावखुरा मध्यमगती गोलंदाज आहे. 21 व्या वर्षी मुंबईतल्या एका ऑफिसच्या संघाने त्याला वर्षाच्या कराराने घेतले. नोकरी नाही, फक्त मानधन. महिन्याला 12 हजार. आम्ही मोहल्ल्यात शीरखुर्मा वाटायचेच बाकी ठेवले होते! पण त्या संघात आधीच चार वेगवान गोलंदाज होते, दोघे तर रणजी खेळलेले. त्या मोसमात 17 सामने झाले. माझा मुलगा तीन खेळला. उरलेल्या 14 सामन्यांत तो पाण्याच्या बाटल्या, ग्लोव्हज आणि निरोप घेऊन मैदानात धावत गेला आणि धावत परत आला.

लोक विचारायचे, "एवढ्या मोठ्या खेळाडूंबरोबर आहे, काहीतरी शिकतच असेल ना?" मी "हो" म्हणायचे. मनात मात्र तोच प्रश्न मला खात होता. बाहेर बसून पोरगा खरेच शिकतो का? की फक्त वय वाढते?

माझ्या माहेरी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. माझे मामू नागपाड्याचे. तिथल्या गल्लीतल्या पोरांचा खेळ म्हणजे बास्केटबॉल. 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने तिथे नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवातही 1936 साली त्याच इमारतीत झाली. नेबरहुड हाऊस आणि मस्तान तलावाच्या कोर्टांवर गरीब मुसलमान घरांतली मुले खेळायला लागली, आणि त्यातूनच अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू निघाला. ते भारताचे कर्णधार झाले. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मामू काही एवढे मोठे झाले नाहीत. तेही संघात बहुधा सातवे-आठवेच असायचे. पण त्या काळी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत पक्की नोकरी मिळे. एकदा चिकटले की खेळ सुटला तरी पगार सुटत नसे. मामू पस्तिशीपर्यंत खेळले, 58 व्या वर्षी निवृत्त झाले, पेन्शन घेतात. बाकावर बसलेल्या माणसालाही त्या व्यवस्थेत भाकरी होती.

आता अशा पक्क्या जागा थोड्या उरल्या. त्यांच्या जागी करार आले. करार एका मोसमाचा. म्हणजे पोराला वर्षभरात सिद्ध करून दाखवायचे, आणि तेही न खेळता!

हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो 31 मार्च 2023 च्या रात्री. जुम्म्याचा दिवस, आठवा रोजा. इफ्तार आटोपून पुरुष मंडळी तरावीहला गेली होती. आयपीएलचा पहिला सामना सुरू होता, चेन्नई विरुद्ध गुजरात. मुलगा मशिदीतून परतला तो जिना धावतच चढला. "अम्मी, टीव्ही लाव! आपल्या कल्याणचा तुषार उतरलाय." त्या वर्षी इम्पॅक्ट प्लेअरचा नवा नियम आला होता. सामन्याच्या मध्येच एक खेळाडू बदलायचा. तो नियम वापरून आयपीएलमध्ये सर्वांत आधी उतरलेला खेळाडू म्हणजे आमच्या कल्याणचा तुषार देशपांडे, अंबाती रायडूच्या जागी.

आणि त्या रात्री त्याला मार पडला. 3.2 षटकांत 51 धावा, एक बळी. चेन्नई हरली. माझे यजमान म्हणाले, "झाले. उद्यापासून हा परत बाहेर."

त्यांचे म्हणणे काही चुकीचे नव्हते. 2020 मध्ये तो दिल्लीच्या संघातून आयपीएल खेळला, पण थोडेच सामने. 2022 मध्ये चेन्नईने त्याला 20 लाखांना, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत कमी बोलीला घेतले आणि आख्ख्या मोसमात दोन सामने दिले. बाकी सगळा वेळ बाहेर. पण 2023 मध्ये पहिल्या सामन्यानंतर त्याला काढले नाही. दुसऱ्या सामन्यातही नो-बॉल आणि वाइड पडले. गोलंदाजांनी हे थांबवले नाही तर नवा कर्णधार शोधावा लागेल, असे धोनीने सामन्यानंतर सगळ्यांदेखत ऐकवले. ऐकवले, आणि तिसऱ्या सामन्यात परत खेळवले. तो मोसमात 16 सामने खेळला, 21 बळी घेतले, आणि चेन्नई विजेती ठरली. पुढच्या वर्षी आणखी 17 बळी. जुलै 2024 मध्ये झिम्बाब्वेत तो भारताकडून खेळला. त्याच नोव्हेंबरच्या लिलावात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना घेतले.

आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिचा अर्थ आम्ही सगळ्यांनी सोयीचा लावून घेतला: बाकावर सब्र केला की फळ मिळते. मीही मुलाला हेच सांगत होते. पुढे त्याच्याच बाकावरच्या वर्षात मला कळले की अर्थ थोडा वेगळा आहे.

मी हिशेबाची बाई आहे. पंधरा वर्षे घरी शिकवण्या घेते, गणित आणि मराठी. म्हणून मी वही घेऊन बसले. आयपीएलमध्ये 10 संघ. प्रत्येकात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे 250. एका सामन्यात संघाचे 11 आणि एक इम्पॅक्ट, असे 12 जण खेळणार. 10 संघांचे मिळून 120. म्हणजे 250 पैकी 130 जण कुठल्याही फेरीत बाहेर बसलेलेच असणार. शिवाय 2025 पासून प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख मानधन मिळते, तेही खेळणाऱ्यालाच. रणजीत तर कागदावरच लिहिलेले आहे: पहिल्या 20 सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला सामन्याच्या दिवसाला 40 हजार, आणि तोच राखीव बसला तर 20 हजार. बाकाची किंमत अर्धी, असे बोर्डानेच ठरवून टाकले आहे. आमच्या पोराचे 12 हजार या आकड्यांपुढे काहीच नाहीत, पण रीत तीच.

मग मी आपल्याच मुलांकडे बघू लागले. शम्स मुलाणी घ्या. सावंतवाडीत जन्मलेला, डावखुरा फिरकीपटू. 2021-22 च्या रणजी मोसमात सहा सामन्यांत 45 बळी, देशात सर्वांत जास्त. मुंबई इंडियन्सने त्याला घेतले, पण त्याला मिळालेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो तिथे रुजला नाही. म्हणून तो खेळाडू कमी दर्जाचा का? मुंबईच्या रणजी संघाला विचारा. 2023-24 मध्ये मुंबईने 42 व्यांदा रणजी जिंकली, त्या संघाचा तो कणा होता.

सर्फराज खान 2015 मध्ये 17 व्या वर्षी बंगळुरूकडून आयपीएल खेळला, तेव्हा केवढे कौतुक झाले! मग कधी तंदुरुस्तीवरून बाहेर, कधी या संघातून त्या संघात. आयपीएलच्या बाकाने त्याला काही मोठे केले नाही. त्याला मोठे केले रणजीने, जिथे तो रोज बॅट घेऊन उभा राहिला. 2019-20 मध्ये 928 धावा, 2021-22 मध्ये 982. फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला त्याला भारताची टोपी मिळाली, तेव्हा त्याचे वालिद आणि उस्ताद नौशाद खान मैदानावर रडत होते आणि इकडे कल्याणमध्ये मी रडत होते. पदार्पणातच 62 आणि नाबाद 68.

मामूंना विचारले तर त्यांनी बास्केटबॉलचे उदाहरण दिले. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. सात फुटांहून उंच. 2015 मध्ये अमेरिकेच्या एनबीएमध्ये डॅलस संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण डॅलसच्या मुख्य संघातून एक सामनाही तो खेळू शकला नाही. दोन वर्षे त्यांच्या धाकट्या संघात, तिथेही बहुतेक वेळ बाकावर, आणि मग परत. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. मामू म्हणाले, "उंची होती, मेहनत होती. मिनिटे मिळाली नाहीत. बास्केटबॉलमध्ये मिनिटे हाच उस्ताद."

जानेवारीत एके दिवशी शिकवण्यांना सुट्टी दिली आणि मुलाला न सांगता लोकल पकडून मी आझाद मैदानावर गेले. तिथे म्हणे 22 खेळपट्ट्या आहेत. एकाचा पॉइंट कुठे संपतो आणि दुसऱ्याचा मिडविकेट कुठे सुरू होतो, ते कुणालाच कळत नाही. शोधत शोधत एका तंबूमागे झाडाखाली जाऊन बसले. मुलगा दिसला. हातात बाटल्यांची जाळी. षटकांच्या मध्ये धावत जायचा, पाणी द्यायचा, कुणाचा घामेजलेला टॉवेल घ्यायचा, धावत यायचा. एकदा एका सीनियरने काहीतरी ओरडून सांगितले, तर हा हसला. घरी मी कधी असा हसताना बघितला नव्हता. ते हसू खोटे होते, आईला कळते.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे तंबूत गेले. हा मात्र बाजूच्या रिकाम्या पट्टीवर गेला, एक स्टंप रोवला, स्टंपच्या पुढे आपला बूट ठेवला आणि त्या बुटावर नेम धरून चेंडू टाकू लागला. टाकायचा, चालत जाऊन आणायचा, परत टाकायचा. मी मोजले. 40 चेंडू. आठ-नऊ बुटाला लागले. माझा भाजलेला डबा त्याने शेवटच्या पाच मिनिटांत उभ्या उभ्या खाल्ला.

माझ्या शेजारी मैदानाचा माळी येऊन बसला होता, साठीचा माणूस. त्याला काय ठाऊक मी कोण. सहज म्हणाला, "हा पोरगा रोज टाकतो असा. हात चांगला आहे. पण ताई, स्टंप काही चौका मारत नाही. माणसाला टाकल्याशिवाय गोलंदाज बनत नाही."

परतीच्या गाडीत दिव्यापर्यंत माझ्या डोक्यात तेवढे एकच वाक्य होते. स्टंप चौका मारत नाही. आणि तुषार देशपांडेच्या गोष्टीचा खरा अर्थ मला तिथे लागला. त्याला 2022 च्या बाकाने घडवले नसेल असे मी म्हणत नाही, सराव त्याने केलाच असेल. पण त्याला घडवले ते 51 धावा दिल्यानंतर मिळालेल्या दुसऱ्या सामन्याने, आणि दुसऱ्यात वाइड पडल्यावर मिळालेल्या तिसऱ्याने. माझ्या मुलाला मिळालेले तीन सामने मला आठवले. पहिल्यात सहा षटकांत 44 धावा गेल्या. त्यानंतर सहा आठवडे बाहेर. सहा आठवड्यांनी दुसरा सामना, म्हणजे तोही पहिलाच. जो पोरगा प्रत्येक वेळी पहिलाच सामना खेळतो, तो भीतीपलीकडे काय शिकणार?

मार्चमध्ये, दुसऱ्या रोज्याला, पद्माकर शिवलकर गेल्याची बातमी आली. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवली. तुषार लहानपणी शिवाजी पार्क जिमखान्यावर निवडीसाठी गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक होती, म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, आणि त्याचा हात ओळखणारे उस्ताद हे शिवलकर. 589 प्रथम श्रेणी बळी घेतलेला माणूस. पण भारतीय संघात तेव्हा बिशनसिंग बेदी होते, आणि शिवलकर एकही कसोटी खेळू शकले नाहीत. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अम्मी, ते पण बाहेरच राहिले."

मी म्हटले, "भारताच्या संघाबाहेर राहिले बेटा. मैदानाबाहेर नाही. मुंबईकडून किती वर्षे खेळले ते बघ." बोलून गेले, आणि माझे मलाच उत्तर मिळाले.

मे संपताना ऑफिसच्या संघाने करार वाढवला नाही. तक्रार नाही, त्यांनाही संघ चालवायचा आहे. घरात मजलिस बसली. थोरला दोह्याला असतो, त्याचा फोन: "व्हिसाचे बघतो, स्टोअरकीपरची जागा आहे. पाठवून द्या." यजमानांनी खर्चाची वही उघडली. त्यात 'क्रिकेट' असे एक वेगळे पान आहे. पास, स्पाइक्स, फिजिओ, सगळे तारखेनिशी. मामू नागपाड्याहून आले होते. ते म्हणाले, एक मोठा क्लब त्याला पुन्हा राखीव म्हणून घ्यायला तयार आहे, ओळख आहे.

मोठा क्लब, मोठे नाव, परत बाक. मी सगळ्यांपुढे 'नको' म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा मी क्रिकेटच्या विषयात मत दिले असेन. मी म्हटले, जहीर खान आठवतो? श्रीरामपूरचा पोरगा, मुंबईत शिकला, पण मुंबईच्या संघात दाटी होती तर बडोद्याकडून खेळला. तिथून सरळ भारताच्या संघात गेला. जागा बदलण्यात कमीपणा नाही. याला असा क्लब बघा जिथे हा रोज खेळेल, भले तो खालच्या डिव्हिजनचा असो.

यजमान वहीकडे बघत म्हणाले, "म्हणजे बसून राहायचे पैसे मिळत होते, आता खेळायचे पैसे आपण भरायचे?"

"हो," मी म्हटले, "शिकवणीची फी समजा."

शेवटी असे ठरले: दोन वर्षे. बी.कॉम. पुरे करायचे. सामना नसेल त्या दिवशी दुपारी दुकानात बसायचे. दोन वर्षांनी पुन्हा मजलिस, आणि तेव्हा दोह्याचे नाव निघाले तर रुसायचे नाही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग एवढेच म्हणाला, "खेळून बाहेर गेलो तर चालेल मला."

बहिणींनो, आपल्यापैकी अनेकींची मुले आज कुठल्या ना कुठल्या बाकावर बसली आहेत. क्रिकेटच्या, कबड्डीच्या, किंवा एखाद्या ऑफिसात 'ट्रेनी' नावाच्या. सब्र करायला सांगणे आपल्याला सोपे जाते, कारण सब्र चांगलाच आहे. पण सोबत तीन गोष्टी विचाराव्यात, मुलालाही आणि त्याच्या उस्तादालाही. याला खरे काम किती मिळते? काम बिघडले तर पुन्हा मिळते का? आणि हे कधीपर्यंत? "कधी खेळवणार?" एवढेच विचारले तर "बघू" असे उत्तर येते. या तीन प्रश्नांना 'बघू' पुरत नाही. उत्तरे चांगली असतील तर बाकही शाळा आहे. नसतील तर तो फक्त बाक आहे.

या पावसाळ्यात तो कांगा लीग खेळतोय. 1948 पासून चालत आलेली ही स्पर्धा, पावसातच खेळायची, चिखलात, ओल्या खेळपट्टीवर. पहिल्या रविवारी रात्री नऊला घरी आला तो गुडघ्यापर्यंत माखलेला. पांढरी पँट तांबडी झाली होती. मी बादलीत पावडर घालत होते. यजमान जेवायला बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, कितीतरी महिन्यांनी विचारले, "खेळलास का?"

"हो. 12 षटके. 61 धावा, एक विकेट."

मी हातातले थांबवले. 61 धावा. कांगाच्या चिखलात, जिथे गोलंदाजांची चंगळ असते म्हणतात.

यजमानांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग पुढच्या रविवारी?"

"नाव लागलंय अब्बा. अकरात आहे."

ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर उठले, खर्चाची वही काढली, 'क्रिकेट'च्या पानावर तारीख घालून क्लबची फी लिहिली, आणि पान मिटायच्या आधी मुलाला म्हणाले, "तुझे स्पाइक्स झिजलेत. उद्या दुकानावर ये, पैसे घेऊन जा."